जुन्या गाडीची नवी बैठक

दसरा होऊन दहा दिवस झाले होते. पाऊस थांबला होता. आभाळ कोरडे, रस्ताही कोरडा. तरी दादा रात्री वर्गाला आले, तेव्हा त्यांची विजार मागून ओली होती. मंडळी हसली. दादाही हसले. पण सतरंजीवर बसताना त्यांनी कमरेला हात लावला, तो आम्ही पाहिला.

दादांचा दुधाचा धंदा आहे. पहाटे चारला उठायचे, चार गोठ्यांतले दूध गोळा करायचे, किटल्या गाडीला अडकवायच्या आणि शहरात जाऊन घरोघर दूध घालायचे. जाऊन येऊन चाळीस किलोमीटर होतात. गाडी त्यांच्या वडिलांची, १९७१ सालची राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीची, १७५ सीसीची. तिचा मूळ नमुना पोलंड देशातला. साधे इंजिन, भक्कम सांगाडा, म्हणून खेड्यापाड्यांतल्या दूधवाल्यांनी ही गाडी फार वापरली. १९७३ साली 'बॉबी' सिनेमात जी लहानशी राजदूत दिसली ती वेगळी. ही तिची थोरली, राबणारी बहीण म्हणा.

शहरातले एक हौशी गृहस्थ ही गाडी विकत मागत होते. जुन्या गाड्यांना आता किंमत आली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंद केली, की ती गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. दादांना तर गाडी रोज लागते. म्हणून ते दर पाच वर्षांनी तपासणी करून जुनीच नोंद चालू ठेवतात. गाडी विकायची त्यांची इच्छा नव्हती. पण कंबर दुखत होती आणि विजार ओली होत होती. मुलगा म्हणत होता, "विकून टाका, नवी घेऊ."

आम्ही बाहेर येऊन सीटवर तळहात दाबला. शिवणीतून पाणी वर आले.

पाणी आत राहते कसे

सीटच्या वरचे कापड म्हणजे रेक्झिन. रेक्झिन हे खरे तर एका इंग्रजी कंपनीने आपल्या मालाला दिलेले नाव. पुढे ते सगळ्याच नकली कातड्याला पडले. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो, ते विणलेल्या कापडावर प्लॅस्टिकचा थर देऊन केलेले असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात. वर्षानुवर्षे उन्हात राहून तो पदार्थ निघून जातो. मग रेक्झिन कडक होते आणि त्याला भेगा पडतात. शिवणीचा दोराही कुजतो. त्या वाटेने पावसाचे पाणी आत जाते.

आतला फोम पाणी पितो. वरून रेक्झिन, खालून पत्रा, त्यामुळे ओल उडून जायला वाट नाही. पाऊस थांबून दहा दिवस झाले तरी फोम ओलाच राहतो. आपण बसलो, की आपल्या वजनाने तो पिळला जातो. पुष्कळ लोक भेगेवर चिकटपट्टी लावतात. त्याने पाणी आत जायचे पुरते थांबत नाही, बाहेर यायचे मात्र थांबते. ओल्या फोमखाली तळाचा पत्रा गंजत राहतो. बसणाऱ्याचे सगळे वजन त्याच पत्र्यावर असते. तो सडला, तर एखाद्या खड्ड्यात सीट खाली बसेल. मागे दोन भरलेल्या किटल्या असताना असे झाले, तर माणूस पडेल.

"दुकानात टाकतो झालं," दादा म्हणाले.

आम्ही त्यांना आमचीच गोष्ट सांगितली. आमच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. तिची सीट आम्ही एका दुकानात टाकली. परत आली ती नवी कोरी, झकपक. चार महिन्यांनी खालून कुरकुर ऐकू येऊ लागली. उलटी करून पाहिली, तर आतला पत्राच निराळा! आमचा जाड पत्रा गेला होता. त्या जागी पातळ पत्रा आला होता. त्याची भोके गाडीच्या भोकांशी जुळत नव्हती, म्हणून एका बाजूला तार गुंडाळली होती. त्या गाडीचा मूळ पत्रा आम्हाला पुन्हा कुठेच मिळाला नाही. सगळेच दुकानदार असे करत नाहीत. पण जुन्या गाडीच्या सीटमध्ये पैशानेही न मिळणारी वस्तू कोणती, तर हा तळाचा पत्रा. रेक्झिन आणि फोम बाजारात हवे तेवढे मिळते.

वहिनी त्याच वर्गात येतात. त्या पोलकी शिवतात. घरी पायाचे शिलाई मशीन आहे. त्या म्हणाल्या, "तक्क्याच्या खोळी शिवते मी. ही खोळच की!"

ठरले. दादांच्या मेहुण्यांनी आपली गाडी तीन दिवसांच्या बोलीवर दिली. चौथ्या दिवशी त्यांना ती लागणार होती. दूध काही थांबत नाही. म्हणजे चौथ्या दिवशी पहाटे चारला राजदूत तयार पाहिजे.

पहिला दिवस

दादांच्या गाडीची सीट पुढे टाकीकडे एका पट्टीत अडकवलेली होती आणि मागे दोन नटांनी आवळलेली होती. नट गंजले होते. त्यांवर आदल्या रात्रीच रॉकेल सोडून ठेवले, म्हणून सकाळी ते न तुटता निघाले. नट आणि वायसर एका डबीत टाकले. डबीवर दादांनी चिठी डकवली : 'सीट मागचे नट'. मागच्या वर्षी याच दादांनी अंगठा सोडून सही धरली. अक्षर मोठे आहे, पण लांबूनही वाचता येते.

सीट उलटी केली. पत्र्याच्या कडेला आतून बारीक दाते असतात. रेक्झिनची कड त्यांत अडकवून दाते वाकवलेले असतात. ते स्क्रूड्रायव्हरने हळूच उचलायचे, आणि जेवढे लागेल तेवढेच उचलायचे. पत्र्याचा दाता पुन्हापुन्हा वाकवला, की मोडतो. आम्ही मोजले. चौतीस दाते होते, त्यांतले तीन आधीच मोडलेले होते.

कव्हर निघाले. खाली पिवळ्या फोमचा चुरा. त्याखाली रबर लावलेल्या काथ्याची गादी, तीही काळी पडलेली. आणि मधोमध गोणपाटाची चार पदरी घडी. दादा ती घडी हातात घेऊन थोडे थांबले. "हे वडिलांनी घातलेलं. गादी दबली तेव्हा." मग म्हणाले, "परत घालता येईल?"

आम्हाला नाही म्हणणे जड गेले. पण गोणपाट पाणी धरते. ते पत्र्यावर टेकले, की गंज चढतो. वहिनींनी घडी धुऊन वाळत घातली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुने कव्हर फाटके असले, तरी ते फेकू नका आणि लगेच उसवूही नका. नव्या कव्हरचा नमुना तेच आहे. ते जमिनीवर ठेवून बॉलपेनने त्यावर खुणा करा. वरच्या तुकड्याच्या मधोमध पुढपासून मागपर्यंत एक रेघ ओढा. दोन्ही बाजूंच्या शिवणींवर चार-चार बोटांच्या अंतराने आडव्या लहान रेघा मारा. रेघ दोन्ही तुकड्यांवर उमटली पाहिजे. पुढे नवे तुकडे शिवताना या रेघेला ती रेघ जुळवली, की कापड कुठे चुणत नाही. मग पुढचे टोक कोणते, मागचे कोणते, तेही त्यावर लिहा. एवढे झाल्यावरच शिवण उसवा.

दादांच्या कव्हरमध्ये तीन तुकडे होते. एक वरचा आणि दोन बाजूंचे लांब पट्टे. पट्टे पुढे आणि मागे मधोमध एकमेकांना जोडलेले होते.

दुपारी पत्र्याचे काम. तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि जिथे संशय आला तिथे खिळ्याने दाबून पाहिले. दोन जागी खिळा आरपार गेला. हे काम घरचे नव्हे. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन दोन ठिगळे मारून घेतली. मोडलेल्या तीन दात्यांच्या जागी त्याच्याकडून बारीक भोकेही पाडून घेतली, म्हणजे तिथे रेक्झिन रिवेटने धरता येते. पत्रा वेल्डिंगला नेताना त्यावर फोमचा तुकडासुद्धा राहू देऊ नका. फोम पटकन पेटतो आणि त्याचा धूर अतिशय विषारी असतो. चुलीजवळ, विडीजवळही फोमचे काम नको.

परत आल्यावर रेड ऑक्साइडचा एक हात दिला. पत्र्याला खालून तीन लहान भोके होती. दादा ती लांबी भरून बुजवणार होते. आम्ही थांबवले. ती पाणी निथळायची भोके आहेत. कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात.

फोम : बसून घ्या, पाहून घेऊ नका

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याला काळा रंग दिला आणि तो वाळेपर्यंत बाजारात गेलो.

फोम दोन जातींचा ऐकू येतो. एक रबराच्या चिकाचा. चीक घुसळून त्यात हवा भरतात आणि तो घट्ट करतात, ताक घुसळताना फेस येतो तसा. इंग्लंडातल्या डनलॉप कंपनीने १९२९ साली हा काढला. दुसरा पॉलियुरेथेनचा. तो पदार्थ जर्मनीत ऑटो बायर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी १९३७ साली शोधून काढला. आज दुकानात मिळतो तो बहुतेक हा दुसराच.

फोम घेताना दुकानदार विचारतो, "किती डेन्सिटीचा?" घाबरायचे कारण नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या फोमचे वजन ४० किलो भरले, तर तो ४० डेन्सिटीचा. आकडा जितका मोठा, तितका त्यात माल जास्त आणि तो टिकायला बरा. गादीचा हलका, स्वस्त फोम सीटला घेऊ नका. हाताला तो फार छान लागतो, पण महिन्याभरात दबून पत्रा लागू लागतो. फोमचे तुकडे दाबून केलेला एक रंगीबेरंगी ठोकळाही मिळतो. तो कडक असतो. खाली तो घ्यावा आणि वर चाळीसचा मऊ थर द्यावा. आम्ही तसेच केले. फोम दोन बोटांनी दाबून काही कळत नाही. दादांनी दुकानातच तो बाकावर ठेवला आणि त्यावर पाच मिनिटे बसून राहिले. दुकानदार हसला, पण दादा हलले नाहीत.

रेक्झिन पाऊण मीटर घेतले. त्याचा पन्ना ५४ इंच असतो. हे कापड एका बाजूने जास्त ताणते आणि दुसऱ्या बाजूने कमी. हातात धरून ओढले, की कळते. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावेत. नाही तर एक तुकडा सैल पडतो आणि एक चढतो.

घरी आल्यावर फोम पत्र्यावर ठेवून कडेने खूण केली आणि धारदार लांब सुरीने कापला. करवतीचे जुने पातेही चालते. कडा खरखरीत पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. दोन थर चिकटवताना रबराचे सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच जोडायचे. एकदा टेकले, की सरकवता येत नाही. हे काम अंगणात करा. त्या वासाने डोके दुखते. सोल्युशन अगदी कडेपर्यंत लावू नका, वाळल्यावर तिथे कडक गाठ होते आणि ती मांडीला बोचते.

मग जे केले, ते बहुतेक जण करत नाहीत. कव्हर बेतण्याआधी आम्ही नुसता फोम आणि पत्रा गाडीवर बसवला आणि दादांना वर बसवले. दादा बुटके. पूर्वी दबलेल्या सीटवर त्यांचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकत. आता चवडेच टेकले! रिकाम्या गाडीला ते चालेल. पण दोन किटल्या दुधाने भरलेल्या असताना गाडी उभी धरायची, तर टाच टेकली पाहिजे. आम्ही वरच्या थरातून पुढचा भाग अर्धा इंच उतरवला आणि मांडीच्या दोन्ही बाजू जरा निमुळत्या केल्या. उंची अर्धाच इंच कमी झाली, पण बाजू निमुळत्या झाल्याने पाय सरळ खाली आले. टाच टेकली. मागचा भाग तसाच जाड ठेवला.

मास्तरांची चूक

संध्याकाळी बेतणे सुरू झाले. जुन्या तुकड्यांवरून आधी वर्तमानपत्राचे नमुने कापले. जुने रेक्झिन वर्षांनुवर्षे बसून एका जागी फुगलेले असते, एका जागी आखडलेले असते. म्हणून वरच्या तुकड्याची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी निघत नाही. अशा वेळी त्यातला चांगला अर्धा भाग घ्यावा. कागद दुमडून त्यावर तो ठेवावा आणि दोन्ही अर्धे एकदम कापावेत. मग नमुना नव्या फोमवर ठेवून पाहावा. फोम जुन्यापेक्षा उंच असतो, तेवढी भर बाजूच्या पट्ट्यांना द्यावी लागते. आत वाकवायला दीड इंच आणि शिवणीला अर्धा इंच वेगळा.

वरचा तुकडा वहिनींनी कापला. एक पट्टाही कापला. मग त्या चहा टाकायला उठल्या. आम्हाला वाटले, तेवढे काम आपण उरकू. तोच कागद, तीच बाजू वर, तसाच दुसरा पट्टा आम्ही कापून मोकळे झालो.

वहिनींनी चहा खाली ठेवला. दोन्ही पट्टे उचलले, एकावर एक ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. दोन्ही पट्टे डाव्या बाजूचे होते! पट्टा पुढे अरुंद आणि मागे रुंद. रेक्झिनला तर सुलट आणि उलट बाजू असते. उजव्या बाजूचा पट्टा कापताना कागद पालथा घालायला हवा होता.

"बाह्या शिवताना हे पहिल्या दिवशी शिकवतात, मास्तर," वहिनी म्हणाल्या.

उरलेला तुकडा लावून पाहिला. पट्टा ३३ इंच लांब लागत होता. उरलेले कापड एका बाजूने फूटभर तोकडे, फिरवून धरले तरी चार-पाच बोटे तोकडे. मध्ये जोड दिला असता, तर तिथेच पाणी शिरले असते. वर्गात आम्ही त्यांची शुद्धलेखनाची पाने तपासतो, आणि इथे आमच्या पानावर भला मोठा भोपळा. दादांनी कागदाचा नमुना घेतला. एका बाजूवर 'डावा' लिहिले. कागद पालथा केला आणि दुसऱ्या बाजूवर 'उजवा' लिहिले. त्याखाली एक बाण काढून लिहिले, 'पुढे'.

तिसऱ्या दिवशी दूध घालून येताना दादांनी पाव मीटर रेक्झिन आणले. त्याचे पैसे आम्ही दिले. त्यांनी फार नको-नको केले, पण दिले. मात्र अर्धा दिवस गेला तो गेलाच.

शिवण

रेक्झिन शिवणे हे कापड शिवण्यासारखे नाही. कापडात सुई दोऱ्यांच्या मधून जाते आणि उसवले तर भोक मिटते. रेक्झिनमध्ये पडलेले भोक कायमचे. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. टाके बारीक घालायचे नाहीत. एका इंचात सहा-सात टाके पुरेत. त्याहून जवळ घातले, तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकांची ओळ होते आणि ताण बसला, की तिथूनच फाटते. सुई १८ नंबरची. दोरा जाड पॉलिस्टरचा. सुती दोरा पावसात कुजतो.

मशीनचा दाब रेक्झिनला चिकटतो आणि कापड पुढे सरकत नाही. वहिनींनी वर्तमानपत्राची पट्टी वर ठेवली आणि कागदासकट शिवले. मग कागद फाडून काढला. जिथे तीन-चार पदर आले, तिथे पाय थांबवून त्यांनी चाक हाताने फिरवले. वळणावर शिवणीच्या बाहेरच्या मार्जिनला लहान-लहान कात्र्या मारल्या, पण टाक्यापर्यंत जाऊ दिल्या नाहीत. एका जागी आठ टाके चुकले. वहिनी उसवायला लागल्या नाहीत. त्या अर्धे सूत आत सरकल्या आणि तिथून नवी शिवण घेतली, म्हणजे जुनी भोके मार्जिनमध्ये गेली.

कव्हर शिवून झाले, तेव्हा दिवेलागण झाली होती.

इथे खरी अडचण आली. रेक्झिन चढवण्याआधी ते तासभर उन्हात ठेवायचे असते. गरम झाले, की ते मऊ पडते आणि चांगले ताणते. ऊन तर गेले. आदल्या दिवशीची चूक आता अशी अंगावर आली. पहाटे चारला गाडी पाहिजे.

वहिनींनी चुलीवर पाणी ठेवले. पाणी उकळल्यावर ते पितळी तांब्यात भरले आणि तांब्याच्या गळ्याला फडके गुंडाळून तो रेक्झिनवरून फिरवू लागल्या. पूर्वी तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री करत, तशी. निखाऱ्याने रेक्झिन वितळले असते. उकळत्या पाण्याने ते नुसते मऊ झाले. पाणी निवले, की पुन्हा गरम.

फोमवर आधी पातळ प्लॅस्टिकचा कागद पसरला. त्याचे दोन उपयोग. कव्हर त्यावरून सरकत चढते. आणि शिवणीच्या भोकांतून थेंब आत आला, तरी तो फोमला लागत नाही. खालची बाजू मात्र उघडी ठेवली, म्हणजे फोमला वारा लागतो.

कव्हर चढवायची रीत बाज विणण्यासारखी आहे. एक बाजू पुरती आवळून मग दुसरीकडे गेलो, तर सगळे तिरके होते. आधी पुढची मधली खूण पत्र्याच्या मधोमध आणून दोन दाते अडकवले. मग मागे ओढून दोन. मग डावीकडे मध्ये एक, उजवीकडे मध्ये एक. असे मधून कडेकडे जायचे आणि दर वेळी समोरासमोर ओढायचे. दाते अर्धेच वाकवायचे. दादा ओढत होते, आम्ही गुडघ्याने दाबत होतो, मुलगा बॅटरी धरून उभा होता. दोनदा सगळे सोडून पुन्हा ओढावे लागले. दुसऱ्या वेळी मुलाने बॅटरी आईकडे दिली आणि स्वतः ओढायला बसला. त्याच्या हातात जोर जास्त. वरची मधली रेघ पुढपासून मागपर्यंत सरळ आली, तेव्हाच दाते पुरते वाकवले. मोडलेल्या तीन दात्यांच्या जागी वायसर घालून रिवेट मारले.

डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली. तांब्या फिरवून ती निम्मी गेली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. "राहू दे," दादा म्हणाले.

सीट गाडीवर बसवताना खालून कुठली तार पत्र्याखाली चिमटत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहिले. तार चिमटली, तर हादऱ्याने तिचे प्लॅस्टिक कापले जाते आणि ठिणगी पडते. मग डबी शोधली. चिठी वाचून नट काढले आणि आवळले. सीट दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहिली. हलली नाही. दादा बसले, मागे मुलगा बसला, आणि अंगणातच एक फेरी झाली. वहिनींनी सीटवर तांब्याभर पाणी ओतले आणि खाली वाकून पाहिले. वर पाणी ओघळून गेले, खाली थेंब नाही.

पहाटे चारला आम्हाला राजदूतचा आवाज ऐकू आला.

खर्चाचे विचाराल, तर आमच्या चुकीचे पाव मीटर धरूनही दुकानाने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी झाला. वेळ मात्र तीन दिवसांचा गेला, चौघांचा.

आठ दिवसांनी मागचे दोन्ही नट पुन्हा आवळले, कारण नवा फोम थोडा बसतो आणि नट सैल पडतात. कोपऱ्यातली सुरकुती तोवर उन्हाने आपोआप गेली होती. सीट चकाकावी म्हणून मुलगा तिला तेल लावणार होता, तेव्हा आम्ही नको म्हटले. तेलाने बसणारा घसरतो. ओल्या फडक्याने पुसणे पुरे, आणि गाडी शक्यतो सावलीत लावावी.

वडिलांच्या गोणपाटाचे वहिनींनी दोन तुकडे केले आणि कडा दुमडून शिवल्या. ते आता किटल्यांच्या कड्यांखाली बांधतात. पूर्वी तिथेच सीट घासून फाटत असे. उरलेल्या रेक्झिनचे त्यांनी वर्गाच्या हजेरीपुस्तकाला कव्हर केले. डाव्या बाजूचा तो जास्तीचा पट्टा मात्र वहिनींनी कापू दिलेला नाही. वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला आहे.